आयव्हीने घासलेली अर्धी पेनी

“आता दिसतंय बघ त्यावरचं जहाज. इतके दिवस नुसता काळा ठिपका होता,” आयव्ही म्हणाली आणि दाराच्या पितळी मुठी घासायचं पिवळं फडकं तिने झटकलं.

रेज कॅचपोलच्या तळहातावर अर्धी पेनी झळकत होती. दोनशे वर्षांनी चढवलेला चॉकलेटी रंग आयव्हीने चहाचं पाणी उकळेपर्यंत उतरवला होता. जुनी टोकनं जमवणाऱ्या आमच्या मंडळात बायको पळून गेली तर सांत्वन मिळतं. नाणं घासलं तर मिळत नाही.

आयव्हीचा नवरा रेज निवृत्त बसड्रायव्हर. सतराशे नव्वदच्या सुमाराला इंग्लंडच्या राजाची टांकसाळ सुट्टे पाडेना, तेव्हा दुकानदारांनी आपापल्या नावाची तांब्याची टोकनं पाडली. ‘आमच्या दुकानी वटेल’ असं कडेवर उमटवून. सरकार झोपलं की वाणी जागा होतो. आमच्याच गावच्या एका चहावाल्याची ही अर्धी पेनी रेज अर्धं आयुष्य शोधत होता. दुसऱ्या दिवशी ती प्रदर्शनात मांडायची होती.

“बोल की काहीतरी,” आयव्ही म्हणाली.

“काय बोलू? डोळे दिपले.”

घासलेल्या नाण्याला संग्राहकांत किंमत नसते, म्हणजे पेनी गेलीच होती. रेजला आता घोर होता तो हम्फ्री डीक्सचा. आमचा हा अध्यक्ष पूर्वीचा औषधविक्या. अंत्यविधीलासुद्धा मयताच्या आजाराचं नाव कुणी चुकीचं घेतलं तर तो दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी रेजने त्याला प्रदर्शनाच्या सभागृहाच्या दारातच गाठलं.

“आयव्हीला कळता कामा नये.”

“मी खोटं बोलत नाही, रेज.”

“बोलू नकोस. तिने केक आणलाय, तो खा.”

पण आयव्हीच पेटीपाशी येऊन उभी राहिली. “मी घासलंय हो ते, मिस्टर डीक्स. कसं वाटतंय?”

हम्फ्रीने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. त्याचे कान लाल झाले. आम्ही सगळे छताकडे बघत होतो.

“मिसेस कॅचपोल,” तो शेवटी म्हणाला, “अशी अर्धी पेनी मी जन्मात पाहिली नाही.”

“मग बाकीच्यांची नाणीही द्या की. फडकं पर्समध्येच आहे.”

सगळ्यांचे हात एकदम आपापल्या पेटीवर गेले.

आयव्हीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तांबं आपल्या गतीने पुन्हा काळवंडलं. फक्त जहाजाच्या शिडांत आणि अक्षरांच्या खाचांत तिच्या पॉलिशची पांढरी भुकटी अजून अडकलेली आहे.

परवाच्या बैठकीत हम्फ्रीने खिशातून बुचात खोचलेला गुलाबाचा काटा काढला. खाचांतला मळ आम्ही काट्यानेच काढतो. सुईने ओरखडा उठतो.

“आण इकडे, साफ करून देतो.”

रेजने मूठ मिटली. “राहू दे रे.”

हम्फ्रीने काटा पुन्हा बुचात खोचला आणि केकची बशी त्याच्याकडे सरकवली. केक विकतचा होता.