कादंबरीचा शेवट नामंजूर

वडगाव रासाईच्या वाचनालयात दर महिन्याला वाचलेल्या पुस्तकांवर चर्चा होते. या खेपेला अध्यक्ष होते सावळाराम आबा. त्यांची उभी हयात सोसायटीच्या सभा गाजवण्यात गेलेली.

मातीच्या सुपीकतेवरचं जाडजूड पुस्तक पुढं येताच ते म्हणाले, “अहवाल चांगला हाय. मंजूर!” वाचलं कुणीच नव्हतं, त्यामुळं विरोधही झाला नाही.

कादंबरी मात्र आबांनी अक्षरन् अक्षर वाचली होती. तिची नायिका शेवटच्या पानावर भरलं घर सोडून निघून जाते, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

“ह्यो शेवट नामंजूर! बाईनं गुमान घरी परत यावं, असा ठराव मी मांडतो. करा हात वर!”

भराभर हात वर झाले. आबांनी मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात त्यांची सून सविता उठली. “मामा, ठराव झाला खरा, पण त्या बाईला सभेची नोटीस गेली व्हती का?”

ह्याच मुद्द्यावर आबांनी विरोधकांच्या कित्येक सभा रद्द करून आणल्या होत्या. ते हळूच खुर्चीत टेकले.

“मग सभाच बेकायदा,” आबा म्हणाले. “जाऊ द्या तिला.”