घरच्या कालवणाचा वाटा

चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं, हे कल्पिताने सासरी तीनदा तरी सांगितलं असेल. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि चांगले काळे होईस्तोवर भाजायचे, की झालं चॉकलेट माल्ट. तिला हवी तशी काळी बियर त्याच्याशिवाय होत नव्हती. पण वेसाव्याच्या कोळीवाड्यात बियर घरी बनते हेच मुळात कुणाला पटत नव्हतं, तिथे चॉकलेटचं काय घेऊन बसलात!

बरं, पहिली खेप झकास झाली असती तर तोंड वर करून बोलता तरी आलं असतं. ती आंबली. कल्पिताने सगळी मोरीत ओतली, तेव्हा तिची सासू सगुणाबाई दारात उभी राहून बघत होती. एक शब्द बोलली नाही. नवरा मात्र बोलला, "बस झालं ना आता, यार." त्याच्या बोलण्यापेक्षा सासूचं गप्प राहणं कल्पिताला जास्त लागलं. एवढी मासळी बाजार गाजवणारी बाई गप्प बसते म्हणजे मनातून किती चिडली असेल, असं तिला वाटत राहिलं.

तरीही तिने एकदा, शेवटचं, करून बघायचं ठरवलं. गोरेगावात घरी बियर बनवणाऱ्या हौशी मंडळींचा मेळावा होता आणि तिने काळ्या बियरसाठी नाव देऊन टाकलं होतं. बियर मुरायला वेळ लागतो. आज माल्ट मिळालं नाही तर मेळावाही गेला आणि घरातली उरलीसुरली पतही. आणि हवं किती, तर दोन-चार मुठी.

साकीनाक्याला एका गाळ्यात चंदूशेठ बियरच्या कारखान्यांना माल्ट पुरवतो, असं तिने ऐकलं होतं. सगुणाबाईला जवळच मरोळला सुके बोंबील घ्यायचे होते, म्हणून रिकामी टोपली घेऊन तीही बरोबर निघाली.

"मॅडम, गोणी पंचवीस किलोची," चंदूशेठने मान वर न करताच सांगितलं. "फोडत नाही मी."

"दादा, मला पाव किलोच हवंय हो."

"सगळ्यांना पाव किलोच हवं असतं. फोडली की हवा लागते, दाणा मऊ पडतो. उरलेलं कुणाच्या माथी मारू?"

तेवढ्यात मुलुंडहून एक चष्मेवाला आला, त्यालाही तेच हवं होतं. तो गेला तर बोरिवलीची एक मुलगी आली, तीही हात हलवत परत गेली. सगुणाबाई कोपऱ्यात उभी राहून हे बघत होती. दारात आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाणं तिला जन्मात कधी बघवलं नव्हतं.

"शेठ," ती पुढे झाली, "म्हावरं किती वेल टिकतं? संध्याकाली वास मारतं. म्हनून काय आमी टोपली फोडत नाय? फोड गोनी. उरलं त माजं." आणि कनवटीचे बोंबलाचे पैसे काढून तिने टेबलावर ठेवले.

कल्पिताने घाईने तिचा हात धरला. "आई, अहो पंचवीस किलो आहे ते! नातवंडांनाही पुरेल."

"तू फोन लाव गो. तुज्या बियरवाल्यांना सांग, वाटं लावलेत म्हनून. त्या दोघांनाबी हाक मार, लांब नसतील गेली."

चंदूशेठने पैसे मोजून गोणी फोडली. मग गाळ्याच्या दारात वर्तमानपत्र अंथरून सगुणाबाई बसली. पापलेटांचे वाटे लावावेत तसे तिने माल्टचे ढीग लावले, मापाला चंदूशेठचा पाण्याचा ग्लास. चष्मेवाला धावत परत आला आणि विचारू लागला, "मावशी, किती ग्रॅम?"

"वाटा हाय. घे, वर मूठभर टाकते. पुढल्या येली मित्राला घेऊन ये."

तो हसत दोन वाटे घेऊन गेला. कल्पिताने बियरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला तशी माणसं येऊ लागली, कुणी घाटकोपरहून, कुणी पवईहून. सगुणाबाई एकेकाला दाणा चावून बघायला लावत होती, घासाघीस करणाऱ्याला झापत होती आणि झापलेल्याला मूठभर जास्त देत होती. चंदूशेठने आपली खुर्ची ओढून दारात आणली आणि तो चहा मागवून मजा बघत बसला. कल्पिता पिशव्या भरता भरता सासूकडे बघत राहिली. काय बाई आहे ही! जिचं नावही धड घेता येत नाही अशी वस्तू ती अर्ध्या मुंबईला विकत होती. तिचा इतका अभिमान कल्पिताला याआधी कधी वाटला नव्हता.

दुपारी चेंबूरचा एक बेकरीवाला आला. काळ्या पावासाठी त्याला हेच हवं होतं. "उरलेलं सगळं द्या," तो म्हणाला, आणि सगुणाबाईने गोणीच उचलून त्याच्या हातात दिली. त्याचा टेम्पो गेलासुद्धा.

कल्पिताने अंथरलेल्या कागदाकडे पाहिलं. वर चार दाणे होते.

"आई," ती ते दाणे वेचत म्हणाली, "माझं राहिलं."

सगुणाबाईने लुगड्याचा ओचा सोडला. आतून रुमालाची गच्च गाठ निघाली, काळ्या दाण्यांनी भरलेली. "येडी का काय? बाजारात बसायचं त आदी घरच्या कालवनाचं काडून ठेवायचं, मंग गिऱ्हाईक. गोनी फुटली तवाच काडलंय."

ती गाठ हातात घेताना कल्पिताला रडू आवरेना. "मला वाटलं, तुम्हाला ही बियर आवडत नाही. त्या दिवशी ओतली तेव्हा तुम्ही काही बोललाच नाहीत."

"काय बोलू? दारात उबी होती, एक गलास दे म्हनून. तू मना इचारलंस पन नाय, सगली मोरीत घातलीस." सगुणाबाईने रिकामी टोपली काखेत मारली आणि मरोळच्या दिशेने चालू लागली. "या येली आंबली तरी चालंल. पयला गलास माजा."