बुढीच्या डोहातली शांत फेरी

रोशनीनं मोबाईल उलटा धरून त्याच्या बुडाच्या बारीक भोकांत फुंकर मारली, ओढणीच्या टोकानं ती पुसली आणि ओढणीचं दुसरं टोक कडेवरच्या अदितीच्या तोंडातून हळूच ओढून घेतलं. समोरच्या काळ्या बोगद्यात नुकतीच एक नाव शिरली होती. आता वळण येईल. मग ओरडा.

तो आलाच. नावेतल्या सगळ्यांनी आधी एकदम जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि मग बेंबीच्या देठापासून म्हटलं,

“काहून आली वं पोरी? आता जाशीन कशी?”

रांगेतल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. अदितीनंही पिटल्या. रोशनीनं नुसते डोळे मिटून घेतले. या गलक्याखाली कुठंतरी तिच्या मायचा आवाज होता, आणि तो गलका काही केल्या बाजूला होत नव्हता.

उमरेड रोडवरच्या सातझरी पार्कमधल्या ‘बुढीच्या डोहा’चा, म्हणजे या अंधारातल्या भुताच्या नावफेरीचा, आज शेवटचा दिवस होता. उद्या इथं पत्रे ठोकणार आणि दिवाळीला याच पाण्यावरून ‘चांद्र मोहीम’ निघणार. नावांना पंख लागणार, वडाच्या जागी खड्डे पडलेला चंद्र. ही बातमी फुटल्यापासून लोक नुसते उसळले होते. आमचं बालपण विकून खाल्लं. चंद्रावर तुम्हीच जा, परत येऊ नका. आमची बुढी आम्हाले पायजे. एका पोरानं तर बुढीचं ते ‘काहून आली’ दंडावर गोंदवून घेतलं होतं. अदितीला पाजताना कानात इयरफोनचं एकच बटण घालून रोशनी हे सगळं वाचत, बघत बसायची. नेटवर व्हिडिओंचा ढीग होता, पण एकातही मायला एकटीला बोलू दिलेलं नव्हतं. बुढीनं तोंड उघडलं की सगळी नाव तिच्यासोबत ओरडणार, हीच डोहाची रीत पडून गेली होती.

माय म्हणजे सिंधूताई. ती पार्कच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. डोह नवा बांधला तेव्हा आवाज द्यायला बाहेरून एक बाई आणली होती. तिनं ते वाक्य शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं. मॅनेजर वैतागला आणि चहा घेऊन आलेल्या सिंधूताईलाच म्हणाला, तुम्हीच म्हणा हो एकदा. तिनं पदराला हात पुसले, ‘च्च’ केलं आणि म्हणून टाकलं. झालं. दुसऱ्यांदा म्हणायला लावलंच नाही.

तो ‘च्च’ कोणी तिला सांगितला नव्हता. कुहीकडच्या तिच्या माहेरच्या सगळ्या बाया बोलण्याआधी तसं करत. लग्नानंतर रोशनी न सांगता घरी गेली की माय दारातच ‘च्च’ करायची. काहून आली वं? असं म्हणायची आणि वळून तवा चढवायची. त्या ‘च्च’मध्येच सगळं असायचं, राग आणि गरम पोळी दोन्ही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माय गेली. तिचे फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र जुन्या मोबाईलमध्ये होता. रोशनी बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना अश्विननं तो मोबाईल बदलून नवा आणला. हौसेनं आणला बिचाऱ्यानं, वर गुलाबी कव्हरही घातलं. त्याला काय म्हणणार? आता मायचा आवाज उरला तो या पाण्यावर. तिच्या मागं इथं पाय ठेवायची हिंमत रोशनीला झाली नव्हती. बातमी आली तशी मात्र ती दोन रविवार येऊन गेली, नावेत बसून मोबाईल धरला, आणि घरी जाऊन अनोळखी माणसांच्या किंकाळ्या ऐकल्या.

रांगेच्या कडेला काळे टीशर्ट घातलेली पोरं उभी होती. टीशर्टवर पांढऱ्या अक्षरांत ‘बुढी वाचवा’. त्यांचा म्होरक्या मोहित, हातात भोंगा घेऊन, आलेल्या प्रत्येकाला जुन्या पाहुण्यासारखं भेटत होता. रोशनी त्याच्याजवळ गेली.

“दादा, एक विनंती होती.”

“बोला न ताई. टीशर्ट पायजे का? मोठ्या साईजची एकच उरली.”

“टीशर्ट नको. एक फेरी चूप बसून मारता येईल का? कोणीच ओरडायचं नाही.”

मोहित हसला. “ताई, बुढीच्या डोहात चूप बसाचं म्हणजे लग्नात जाऊन उपास धराचा. लोक मारतीन मले.”

“तो आवाज माझ्या मायचा आहे.”

मोहितचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

“म्हणजे खरी बुढी?”

“सिंधूताई नाव तिचं. इथंच कॅन्टीनमध्ये होती.”

“आता कुठं असते त्या?”

“नाही आता.” रोशनीनं अदितीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “हिनं आजीला पाहिलं नाही. निदान आवाज तरी ऐकवावा म्हटलं.”

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. थोडा वेळ तिची पट्टी उगाच मागंपुढं करत राहिला.

“मी तिसरीत होतो ताई, पहिल्यांदा आलो तेव्हा. चड्डीत झाली होती माह्या.” मग नाक ओढून म्हणाला, “आन् आम्ही एवढे वर्षं ओरडून राहिलो, कोणाचा आवाज आहे हे कोणीच नाही विचारलं. एक सेल्फी घेऊ का?”

घेतला. अदितीनं त्याच्या टीशर्टवरचं ‘बु’ बोटानं कोरून पाहिलं.

पण पोरगं शब्दाला पक्कं निघालं. पुढच्या नावेत त्यानं निवडून माणसं बसवली, प्रत्येकाच्या कानाशी लागून काही सांगितलं. लोक वळून रोशनीकडं बघत, छातीवर हात ठेवत. एका म्हाताऱ्या गृहस्थानं तिला नमस्कार केला. तिला अवघडल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं. मायला असं कोणी कधी केलं नव्हतं.

नाव अंधारात शिरली. शेवाळाचा आणि ओल्या प्लायवूडचा वास आला. दोरीच्या पारंब्या डोक्यांवरून घासत गेल्या. लाल दिव्यांचे डोळे लावलेली वटवाघळं, त्यातल्या एकाचा डोळा फुटलेला. कोणी खोकलंसुद्धा नाही. नावेच्या बुडाशी पाणी चुबुक चुबुक करत होतं, तेवढंच. समोरच्या बाकावरच्या मुलीनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

“आजी येणार आता,” रोशनी अदितीच्या कानात म्हणाली आणि मोबाईल वर धरला.

वळण आलं. डोहाच्या काठावर लुगडं नेसलेली बुढी उजळली. तिचा एक हात खांद्यापासून गळालेला होता. रोशनीनं श्वास धरला. आता ‘च्च’.

तो आलाच नाही.

“काहून आली वं पोरी? आता जाशीन कशी?”

गोड आवाज होता. धुतलेला, इस्त्री केलेला, कोणत्याच गावचा नसलेला. ‘वं’ तर असा ठेवला होता, जसा पाहुण्यांपुढं काचेचा ग्लास ठेवतात. रोशनी पुढं झुकली, आणखी काही येईल म्हणून. काही आलं नाही. दिवा विझला. मागच्या बाकावर कोणीतरी मुसमुसून रडलं.

“आजी?” अदितीनं विचारलं.

रोशनीनं तिचं डोकं खांद्यावर दाबून घेतलं.

बाहेर दुर्गेश बांबूच्या आकड्यानं नाव काठाला ओढत होता. डोह सुरू झाल्यापासून तो इथंच होता. त्यानं तिला ओळखलं.

“सिंधूताईची रोशनी न वं तू? ही तुही पोरगी का?”

“दुर्गेशभाऊ, आतला आवाज कोणाचा आहे?”

“बुढीचा? तो बदलला न. लॉकडाऊनमध्ये बंद पडलं होतं सारं, आत पाणी शिरलं, मशीन जळून गेली. मंग वरून नवीन बनवून पाठवला, कम्प्युटरवरचा हाय म्हणते. जुना लय हुडकला, कुठंच नाही भेटला.”

“कोणाच्या लक्षात नाही आलं?”

“ऐकते कोण वं?” दुर्गेशनं आकडा पुढच्या नावेसाठी तयार धरला. “पब्लिक तर सोताच ओरडून राह्यली. मीबी नाही सांगतलं कोणाले. काहून सांगाव? खुश होते लोक.”

रोशनी कठड्याला टेकली. दोन रविवार, आणि बातमीनंतरचे ते सगळे व्हिडिओ. ज्या आवाजावरून ती बोटानं गलका पुसू पाहत होती, तो खाली नव्हताच. ही एवढी माणसं रस्त्यावर उतरली होती कशासाठी? बुढी वाचवा म्हणे. बुढी यांच्याच बोंबलण्यात कधीची बुडून गेली होती आणि यांना पत्ता नव्हता. टीशर्ट छापत बसले होते. तिला त्या म्हाताऱ्याच्या नमस्काराचासुद्धा राग आला.

तेवढ्यात बोगद्यातून मागच्या नावेचा ओरडा आला. त्या नावेपर्यंत मोहितचा निरोप पोचलेला नव्हता.

‘च्च’. सगळ्यांनी मिळून, आधी.

“काहून आली वं पोरी? आता जाशीन कशी?”

रोशनीनं मान वर केली. ‘पोरी’वर आवाज असा खाली उतरला, जसा पायरी चुकल्यावर पाय उतरतो. आणि ‘कशी’ शेवटी वर गेलं, जेवलीस का विचारल्यासारखं. मशीनच्या आवाजात यातलं काहीही नव्हतं. ही माणसं मशीनकडून शिकलीच नव्हती. पहिल्या वर्षी आलेली मायकडून शिकली, आणि नंतरची त्यांच्याकडून. मोहित तिसरीत असताना शिकला, आज त्याच्यासोबतची पोरं तसंच म्हणत होती. मायला कोणी पाहिलं नव्हतं, पण कुहीकडचा तो हेल सगळ्यांच्या जिभेवर बसला होता.

तिनं घाईघाईनं मोबाईल काढला. बोटं ओली होती, पडदा उघडेना. उघडला तोवर नाव बाहेर आली होती, हसत, खिदळत.

ती अदितीला सावरत चढायच्या काठाकडं गेली. पुढची नाव भरत होती. मोहित भोंग्यावर बोलत होता.

“मित्रहो, ज्या माउलीनं आपल्याले हा आवाज देला, त्यांची मुलगी आज इथं आली आहे. आतापासून शेवटच्या फेरीपर्यंत कोणीही ओरडणार नाही. बुढीले श्रद्धांजली म्हणून सगळ्या फेऱ्या शांततेत.”

रांग चूप झाली. एकेकानं टोप्या काढल्या. ती दिसताच मोहितनं भोंगा खाली घेतला. डोळे लाल झाले होते त्याचे.

“भेटला न ताई, क्लीन आवाज?”

“मोहितदादा, लोकांना ओरडू द्या.”

“नाही ताई. तुम्ही संकोच नका करू. एवढं तरी आम्ही करूच शकतो न.”

“तसं नाही. तो आवाज...”

“समजते मले,” तो म्हणाला आणि तिच्या खांद्याला हलकासा हात लावून रांगेच्या मागच्या टोकाकडं निघाला, कारण तिकडं अजून दोन पोरं हसत होती.

नाव सुटायला आली. काठाजवळच्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई बसली होती, मांडीवर पोरगं. रोशनी वाकली.

“तुम्ही ओरडा हो. तसंच म्हणा, नेहमी म्हणता तसं. ‘च्च’ करून.”

त्या बाईनं तिच्याकडं पाहिलं. भोंग्यावर सांगितलेली मुलगी हीच, हे तिला कळलेलं दिसलं नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“श्श. तिच्या मायचा आवाज आहे आतमधी. ऐकू द्या की जरा.”

नाव अंधारात शिरली. रोशनीनं मोबाईल वर धरून ठेवला. पडद्यावर आवाजाची रेघ सरळ चालली होती, मध्ये कुठं पाण्याचा एखादा कंप.