उजवी पट्टी

माझ्या काचेखाली राजा, गुलाम असे पाच पत्ते, अकरा दिवे, तीन रबरी खांब, दोन पट्ट्या आणि एक पोलादी गोळी आहे. मित्रांनो, मी एक जुने पिनबॉल यंत्र आहे. माझे अंग उतरते आहे. गोळी घरंगळत खाली येते आणि खेळणारा बटणे दाबून पट्ट्यांनी तिला वर मारतो, उभे पत्ते पाडतो.

एकवीस वर्षे मी एका धुलाईच्या दुकानात आहे. कपडे वाळेपर्यंत लोक माझ्यावर खेळत आणि मालकीणबाई त्यांना शिकवत.

"दोन्ही पट्ट्या फडफडवू नका, पाखरू आहे का ते? गोळी पट्टीवर थोपवा, टोकाकडे येऊ द्या, मग मारा. आणि आधी गुलाम पाडा. गुलामाला भेटल्याशिवाय राजा दार उघडत नाही!"

राजा डावीकडे, सर्वांत वर आहे. तिथवर फक्त उजवी पट्टी गोळी पोचवते.

मालकीणबाईंचा धाकटा भाऊ घड्याळजी होता. आजारपणात त्याचा उजवा हात लुळा पडला. काही महिन्यांनी बोटे हलू लागली, तेव्हा ताईने त्याला माझ्यापुढे उभे केले. त्याने ठरवले, दहा वेळा गोळी सोडून तीनदा राजा पडला, की आपले बंद पडलेले घड्याळांचे दुकान पुन्हा उघडायचे.

पहिल्या आठवड्यात राजा दोनदा पडला. मग एकदा. मग एकदाही नाही.

"ताई, हातात जीवच उरला नाही गं."

"हात बरा आहे रे. घाई नडते तुला. उतावळा नवरा..."

"गुडघ्याला बाशिंग, ठाऊक आहे," तो हसला. "पण नवऱ्याचा हातच गेलाय."

हात गेला नव्हता. उजव्या बटणामागे वीज जोडणारी पितळी जीभ असते, ती जळून काळी पडली होती. त्याचे बोट वेळेवर दाबत होते. पट्टीलाच पुरती वीज मिळत नव्हती. डाव्या बाजूने सारे नीट होई, म्हणून दोष उजव्या हाताचाच ठरला. मालकीणबाई रोज सकाळी माझी काच लखलखीत पुसत, पण माझे पोट कुणी उघडले नव्हते. मला ओरडून सांगावेसे वाटे. मला वाचा नाही.

त्याने चिमटे आणि भिंगे विकली आणि तो मुलीकडे राहायला गेला. दोन वर्षांनी तो तिथेच वारला.

पुढे कपडे वाळवायचे यंत्र दुरुस्त करायला एक वायरमन आला. मालकीणबाई म्हणाल्या, "जाता जाता हेही बघा."

त्याने मला उघडले. "बाई, ही कधीची जळलीय! उजवी पट्टी जोरात उडतच नसेल."

मालकीणबाई बाकावर बसल्या.

मित्रांनो, कुणाच्या हाताला नावे ठेवण्याआधी त्या हाताखालचे यंत्र एकदा उघडून पाहा. नुसती काच पुसू नका.

वायरमनने बारीक कानशीने ती जीभ घासली. मालकीणबाईंची बोटे आता थरथरतात. त्याच बोटांनी त्यांनी दहा वेळा गोळी सोडली.

राजा आठ वेळा पडला.