सवतीने खांदा बदलला

उमरग्याच्या त्या मंगल कार्यालयात जेवढी गर्दी लोटली होती, तेवढी तिच्यातील कोणाच्याही अंत्ययात्रेला लोटणार नाही. बंडप्पा महाराज मानेवर बसलेली भुते उतरवीत असत. भुतांना बसण्यासाठी मानच का लागते, असे विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते.

समोर शिवकांता उभी होती: ब्लाउज शिवून घर चालविणारी, उंचीपुरी, बलभीमची दुसरी बायको. तिची मान आखडली होती आणि उजवा हात बधिर होई. गळ्यात पहिल्या बायकोच्या नावाचा चांदीचा टाक होता, कारण मेलेली सवत गळ्यात वागवण्याची आपल्याकडे रीत आहे. महाराजांनी टाक पाहिला आणि त्यांचे निदान संपले.

"सवत बसलीया खांद्यावर! तिची कंची वस्तू वापरतीस?"

"तिचंच शिलाई मशीन, महाराज," सासू सिताबाई उत्साहाने म्हणाली.

महाराजांनी समई उजवीकडे ठेवली. "दिव्याकडं तोंड कर. हात म्होरं, तळव्याला तळवा."

उजवा हात दोन बोटे आखूड भरला. बायका किंचाळल्या.

"बघा, मागनं वढतीया!" मग समई ओवाळीत त्यांनी ती समोर आणली. शिवकांता समोर पाहू लागली आणि हात सारखे झाले. "आज तिनं हिला सोडली. पर ही त्या घरात ऱ्हायली तर सवत बलभीमला न्हेईल. माहेरी धाडा, कायमची!"

मृत्यूचे नाव निघताच बलभीमचे प्रेम आटले. "चल, जीप उभीच हाय," तो बायकोला म्हणाला.

तेवढ्यात गावातच फिजिओथेरपीचा दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टर नीरजा पुढे आल्या. "महाराज, समई डावीकडं ठेवून बघू या."

"सवत उजवीकडं हाय, बाई!"

"मग डावीकडच्या दिव्यानं तिचं काय बिघडतंय?"

लोकांना उत्तर हवे होते; महाराजांना नको होते. समई डावीकडे गेली आणि डावा हात आखूड झाला.

"अगं बया, सवतीनं खांदा बदलला!" एक म्हातारी ओरडली. अख्खे कार्यालय हसले.

नीरजांनी शिवकांताची पाठ आणि दोन्ही खांदे भिंतीला टेकविले. आता समई कुठेही नेली तरी हात सारखेच राहिले.

"मान आखडलेला माणूस नुसती मान वळवू शकत नाही, सगळं धडच वळवतो," त्या म्हणाल्या. "धड वळलं की त्या बाजूचा खांदा मागं जातो आणि हात आखूड दिसतो. सिताबाई, पहिली सून उंचीला कशी होती?"

"ठेंगणी. तिच्यापायी मशीनच्या टेबलाचे पाय कापले व्हते."

"त्याच टेबलावर ही दिवसभर वाकते. छातीचे स्नायू आखडले, पाठीचे दुबळे झाले, सगळा भार मानेवर आला. टेबल उंच करा. व्यायाम मी शिकवते. हाताचा बधिरपणा मात्र नीट तपासावा लागंल."

"समदंच इज्ञानाला कळत न्हाय!" महाराज गरजले आणि समई उचलून मागच्या दाराने अंतर्धान पावले. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील हा एकच अस्सल चमत्कार होता.

बलभीम डॉक्टरांना म्हणाला, "मंग हिला माहेरी धाडायची गरज न्हाय?"

"त्यांना काय इचारता? मला इचारा," शिवकांता म्हणाली. "खांद्यावर कुणीच नव्हतं. घरात मात्र तुमी व्हता." आणि माहेरी निघालेल्या त्या जीपमध्ये ती आपण होऊन जाऊन बसली.

वाचकहो, दिवा डावीकडे ठेवण्यास ना शिक्षण लागत होते, ना धाडस. शेकडो माणसांत ते एकीलाच सुचले, कारण उरलेल्यांनी डोकी पायताणांबरोबर बाहेर काढून ठेवली होती. पुरावा एकाच बाजूने दाखविला जात असेल, तर तो दुसऱ्या बाजूने मागा. मान दुखली तर मानेचे शास्त्र जाणणाऱ्याकडे जा. आणि मेलेल्या बाईच्या नावाने जो जिवंत बाईला घराबाहेर काढतो, त्याला आधी प्रश्न विचारा. नमस्कार नंतरही करता येतो.