मोराखालचा पिवळा पट्टा

जुना झालोय मी, मित्रांनो. जुना आणि थकलेला. लॅपटॉप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पातळ, चकचकीत वस्तू येते. मी तसला नाही. मी जाडजूड, पत्र्याच्या पेटीसारखा, वर धरायला मूठ असलेला. पडलो तरी फुटू नये, भिजलो तरी बिघडू नये म्हणून मला असा घडवला. आता मी भोरमध्ये लतीफ पेंटरांच्या घरी फळीवर बसून असतो. बॅटरी मेली आहे, चार कळा निखळल्या आहेत. एरवी मी बोलत नाही, पण तुम्ही समोर बसलाच आहात तर ऐका. मध्ये मध्ये दम घेईन, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मला टेबलावरून तीनदा खाली टाकलं, अंगावर पाणी ओतलं, आणि मग पास म्हणून खोक्यात घातलं. जन्मल्या जन्मल्या मार खाल्ला म्हणा ना! तिथून मी आलो तो थेट मोजणीवाल्यांच्या जीपमध्ये. अंगाला करडा रंग, झाकणावर दोन बोटं रुंदीचा पिवळा पट्टा आणि पट्ट्यात काळा आकडा, सात.

सन दोन हजारची गोष्ट. वेल्ह्याच्या डोंगरात, मार्गासनीच्या पुढे, एक धरण बांधायचं घाटत होतं. पाणी कुठवर चढेल, कोणाचं काय बुडेल, ते मोजायला आमची जीप उंबरवाडीत आली. साहेब लोक दुर्बीण लावायचे आणि आकडे माझ्यात भरायचे. साळूबाई नावाच्या म्हातारीच्या ओट्यावर त्यांनी मला आठ दिवस ठेवला होता. ती रोज साहेबांना लोटाभर ताक द्यायची. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "सायेब, माजं घर ऱ्हातंय का जातंय?"

"कळवू हं, आजी," साहेब म्हणाले, आणि जीप निघाली.

कुणी कळवलं नाही. धरणाचं पुढे काय झालं तेही कुणी वाडीला सांगितलं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पोटात होतं, मित्रांनो. पण मला तोंड कुठे होतं? ते ओझं मी पुढे चार वर्षं वाहिलं, आणि खरं सांगतो, जीपमधल्या धक्क्यांपेक्षा ते मला जड गेलं.

मग नवी यंत्रं आली आणि मला पुण्यात भंगारात काढलं. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात एहसान नावाचा तरुण कामाला होता. त्यानं मला पुसला, चालू करून पाहिला आणि भोरला आपल्या धाकट्या बहिणीकडे, मदिहाकडे आणून दिला. म्हणाला, "दिसायला रेडा आहे, पण एसटीत आपटला तरी मरणार नाही."

मदिहा वीस वर्षांची. भोरच्या एका संस्थेनं तिला डोंगरातल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचं काम दिलं होतं. घरातून बाहेर पडून नोकरी करणारी ती त्या घरातली पहिलीच मुलगी. तिची अम्मी, अजीजुन्निसा, आधी तयारच नव्हती. "एवढ्या लांब डोंगरात पोरीनं एकटीनं जायचं? लोक काय म्हणतील?" मदिहानं आठ दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे होकार मिळाला. आणि वाडी कुठली मिळाली असेल? उंबरवाडी! फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात ना, तशी माझी गत झाली.

भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी, मार्गासनीला उतरून पुढे तासभर पायवाट. मला मुठीला धरून ती चालायची आणि दर दहा पावलांनी हात बदलायची. वाडीच्या शाळेची एक खोली मिळाली होती. पहिल्या दिवशी बावीस मुलं जमली. तिनं मला टेबलावर ठेवला, आणि नातीला सोडायला आलेल्या साळूबाईंची नजर माझ्या पट्ट्यावर गेली.

"आगं बाई! ह्ये तर मोजणीचं खोकं! सात नंबर! ऊठ गं शेफाली, घरला चल!"

दुसऱ्या दिवशी चार मुलं होती, तिसऱ्या दिवशी एकही नाही. मदिहा दारोदार फिरली. दारं बंद होत गेली. मुलांना शिकवायच्या नावाखाली पुन्हा मोजायला आली आहे, असं वाडीभर झालं होतं. संस्थेचे आनंदराव सर स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं. "दिवाळीच्या आधी मी स्वतः येईन. त्या दिवशी पंधरा डोकी वर्गात दिसली तर वर्ग चालू. नाही दिसली तर बंद, आणि तुमचं कामही." काम गेलं तर अम्मी पुन्हा उंबरठा ओलांडू देणार नाही, हे मदिहाला पक्कं ठाऊक होतं.

ती रडत घरी आली. तिच्या अब्बांनी, लतीफ पेंटरांनी, सगळं ऐकून घेतलं, मला उचलून उजेडात फिरवला आणि म्हणाले, "एवढंच ना? अगं, लोकांच्या सडक्या टेम्पोंच्या नवऱ्या केल्या मी. हे टीचभर खोकं मला जड आहे का?"

लतीफभाई हायवेच्या गॅरेजात टेम्पो रंगवायचे. तालुक्यात त्यांच्या मोराला तोड नव्हती. माझ्यासाठी त्यांनी दोन दिवस कामावर खाडा केला आणि घराच्या ओट्यावर गोणपाट अंथरलं. मदिहा शाळेच्या खोलीची परवानगी वाढवून घ्यायला वेल्ह्याला गेली होती. नेमकं तेव्हाच जे व्हायचं ते झालं.

आधी त्यांनी मला पॉलिश पेपरानं घासला. अंगाला गुदगुल्या झाल्या, बरं वाटलं. मग ते लांबी घेऊन बसले. पत्र्याचे खड्डे बुजवायला पेंटर जो लगदा भरतात, ती लांबी. कोपऱ्याचे पोचे भरले, ओरखडे भरले. मग त्यांचं बोट माझ्या कुशीवरच्या बारीक फटींवर आलं. आत एक चिमुकला पंखा आहे. त्या फटींमधून मी श्वास घेतो.

"बघ, एवढी भोकं!" ते आत हाक मारून म्हणाले. "पाणी शिरलं की गंज, आणि गंज लागला की गाडी गेली."

तीस वर्षांत त्यांनी एकही भोक उघडं ठेवलं नव्हतं. माझंही ठेवलं नाही. सुरीच्या टोकानं दाबून दाबून त्यांनी लांबी भरली, वर हात फिरवून पाहिला आणि खूश झाले. इतक्या मायेनं माझं नाक बुजवलं, की मला त्यांचा राग करावा तेही जमेना.

मग अस्तर, मग निळ्या रंगाचे दोन हात. झाकणावर पिसारा फुलवलेला मोर, बरोबर पिवळ्या पट्ट्यावर. कडेनं लाल-पांढरी वेल. "टेम्पोवर लिहिता तसलं काही लिहू नका हां," अजीजुन्निसा दारातून म्हणाली. "पोरगी शिकवायला जाते आहे." तोंडानं कुरकुरत होती, पण रंगाला धूळ लागू नये म्हणून कोंबड्यांचं डालगं धुऊन माझ्यावर तिनंच पालथं घातलं आणि वर स्वतःची ओढणी पांघरली.

मदिहा परत आली आणि मला पाहून तिनं चक्क टाळ्या वाजवल्या. फटी दिसत नाहीत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती कॉम्प्युटर चालवायला शिकली होती, त्याच्या पोटातलं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

उंबरवाडीत आम्ही पुन्हा गेलो. मोर बघायला आधी मुलं आली, मागून आया आल्या. साळूबाईंनी पिसाऱ्यावरून हात फिरवला. "ह्यो नवा का गं पोरी?"

मदिहानं मोराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो आजी, नवा."

आठवडाभरात अठरा मुलं बसू लागली. शेफाली सगळ्यांत पुढे. ती माझ्यावर स्वतःचं नाव उमटवायला शिकली तेव्हा आनंदानं किंचाळली होती. मदिहाही हसत होती, पण साळूबाई दिसल्या की तिची मान खाली जायची. खोटं पचत नव्हतं तिला. आणि मला? मला धाप लागत होती. पंखा फिरायचा, हवा आतल्या आत कोंडायची. अर्ध्या तासात माझे डोळे मिटायचे. ती मला थोपटायची, थांबायची, पुन्हा चालू करायची. मग पंधरा मिनिटांत, मग दहा.

आनंदराव सर यायचे त्या सकाळी मी पाच मिनिटांत गप्प झालो. सर दुपारी यायचे होते. मुलं कावरीबावरी झाली. साळूबाई शेफालीची भाकरी द्यायला आल्या होत्या. त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला आणि झटकन उचलला.

"आगं, तापलंय की लई! ह्येला वारं कुठनं मिळतं? बैलाचं नाक बुजिवलं तर बैल जगंल व्हय?"

मदिहानं मला उलटापालटा केला. माझ्या कुशीवर बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा पडला. "अब्बांनी फटी भरल्या," ती पुटपुटली. केसांतला आकडा काढून ती लांबी टोकरू लागली. मी इतका तापलो होतो, की रंग सगळीकडे सुटत आला होता. फटींतली लांबी निघाली, तिच्याबरोबर कडेची वेल निघाली, आणि वेलीला धरून पिसाऱ्याची भली मोठी खपली उचकटली गेली. खाली पिवळा पट्टा होता. पट्ट्यात काळा सात.

साळूबाई पट्ट्याकडे बघत होत्या.

मदिहाला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तिनं तसं केलं नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मी खोटं बोलले. हा तोच आहे. भंगारातून आला. मी मोजायला आले नाही, पण हा तोच आहे."

"माज्या ताकाची लाज न्हाई वाटली त्यास्नी, आन् तुला बी न्हाई वाटली," साळूबाई म्हणाल्या. शेफालीचा हात धरून त्या निघाल्या. त्यांच्या मागे मुलं उठली, एकेक करून. मदिहा रिकाम्या खोलीत डोकं धरून बसली. मी मोकळा श्वास घेत होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारात पुन्हा साळूबाई. एकट्याच. आवाज अगदी खाली आलेला.

"पोरी, ह्येच्यात आजून लिवलेलं हाय का ते? माज्या घराचं?"

माझ्या आत एक जुना कप्पा होता. मदिहानं तो पाहिला होता, पण काहीतरी बिघडेल या भीतीनं कधी पुसला नव्हता. तिनं मला चालू केला. मित्रांनो, आयुष्यात कधी केली नसेल एवढी धडपड करून मी उठलो. कप्पा उघडला, नकाशा आला. वाडी आली, एकेका घराचा चौकोन आला, उंबराचं झाड आलं. खालच्या अंगानं एक निळी रेघ.

"ही पाण्याची रेघ," मदिहा बोट ठेवून म्हणाली. "हा उंबर. हे तुमचं घर. पाणी ओढ्याजवळच्या खाचरांपर्यंत. घर वर आहे, आजी. वाडीतलं एकही घर रेघेखाली नाही."

"वर हाय?"

"वर आहे. पण हा चार वर्षांमागचा कागद. पुढे कुणी बदलला असेल तर मला माहीत नाही. आता खोटं नाही बोलणार."

साळूबाई जमिनीवर बसल्या. "चार वर्सं म्या घर शाकारलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "बुडायचंच हाय तर कौलं कशाला फिरवायची? चार पावसाळं पातेली लावून काढलं. नातवंडं वल्यात निजली. मेल्यांनो, येवढं एक सांगाया तुमची जीभ झडली हुती का रं!" आणि पदर तोंडाला लावून त्या हमसून हमसून रडल्या. मदिहा त्यांच्या शेजारी बसली आणि तीही रडली.

डोळे पुसून साळूबाई उठल्या आणि दारात जाऊन ओरडल्या, "आरं ए! बगाया या समदी! आपली घरं वर हायेत!"

दुपारी आनंदराव सर आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं, आया, काठी टेकत आलेले वाडीतले म्हातारे रखमाजी. जो तो आपापलं घर शोधत होता, आणि शेफाली बोटानं दाखवत होती. सरांनी डोकी मोजायला सुरुवात केली आणि साळूबाई खेकसल्या, "मोजा! पर किती भरली ते सांगून जावा!" सर हसले. एकेचाळीस भरली, ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

वर्ग पुढे तीन वर्षं चालला. त्या दिवाळीत साळूबाईंनी घर शाकारलं. लतीफभाईंना सगळं कळलं तेव्हा त्यांनी मला उचलून उजेडात नेलं. मग माझ्या फटींवरून बोट फिरवून म्हणाले, "चुकलं रे बाबा." पुन्हा रंगवायला मात्र त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "आता तो पट्टा राहू दे उघडा." तेव्हापासून मी असा आहे, अर्धा मोर आणि अर्धा सात नंबर.

आता दमलो, मित्रांनो. जाता जाता दोनच गोष्टी मागतो. एखाद्या वस्तूवर माया असेल तर तिला जरूर रंगवा, नटवा, पण ती श्वास कुठून घेते ते आधी बघा. आणि मोठे होऊन कधी कुणाच्या दारात मोजायला गेलात, तर त्याच्या हातचं ताक प्या, आणि उठण्याआधी त्याला सांगा, तुझं घर राहतंय की जातंय.