यादीतली दुसरी ओळ

मित्रांनो, मला हातपाय नाहीत, चाकं नाहीत, साधं झाकणसुद्धा नाही. एका जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर मी पडून असतो. मला कर्नल म्हणतात; फौजेतला नव्हे, कॉम्प्युटरच्या मुळाशी असलेला प्रोग्राम. तुम्ही कळ दाबता ती पडद्यापर्यंत कोण पोचवतं? तुमचा आवाज आत कोण घेतं? ती सगळी उस्तवार माझ्याकडे होती. कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यांआधी मी जागा व्हायचो आणि बाकीच्यांना कामाला लावायचो.

मी दुकानातून तयार आलो नाही. खारू ही या घरातली छोटी मुलगी; तिच्या मामाने मला इथल्याच टेबलावर घडवलं. हजारो फायलींमधला मजकूर आणून मी कोणतं यंत्र ओळखायचं, कोणतं नाही, हे त्याने एकेक करून ठरवलं. मग कॉम्प्युटर तासन्‌तास तो मजकूर घोटत बसला आणि त्यातून मी निघालो. "गुणी आहे, कुरकुर करणार नाही," मामा म्हणाला. ते शब्द मी अजून जपून ठेवलेत.

चार वर्षं मी खरंच कुरकुर केली नाही. खारूची आई माझ्या जिवावर भाषांतराची कामं करायची. मांडीवर बसलेली खारू मध्येच कळा बडवायची. तिची बोटं मला लगेच कळायची, कारण ती एका वेळी तीन कळा दाबायची. तिचं हसणं, तिचं सर्दीचं नाक, सगळं माझ्या ओळखीचं. पण ती दिसते कशी, हे मला ठाऊक नव्हतं. आईचा मोबाईल साधा, बटणांचा. खारूचे फोटो भिंतीवर आणि अल्बमात होते. माझ्या डिस्कवर एकही नव्हता.

खारूचे बाबा जहाजावर असतात. जहाज बंदराला लागलं की ते पडद्यावर यायचे. ते आम्हाला दिसायचे, आम्ही त्यांना नाही; आमच्याकडे कॅमेराच नव्हता. एकदा खारूने आपलं चित्र पडद्यासमोर धरलं.

"वा, छान काढलंयस हं," बाबा म्हणाले.

"काय काढलंय, सांगा."

"घर ना?"

"मासा आहे."

खारू उठून गेली ती परत आलीच नाही. पुढच्याच आठवड्यात आईने कॅमेरा आणून जोडला. पण मित्रांनो, तो माझ्यापेक्षा बराच नवा. मला कुणी त्याची ओळख करून दिलेली नव्हती. दारात पाहुणा उभा आणि मला त्याची भाषा येईना, अशी गत झाली.

अशात एका शनिवारी खारूचा पुढचा दात पडला. बाबांचं जहाज रविवारी चार वाजता बंदराला लागणार होतं, आणि त्यानंतर दोन महिने नुसता समुद्र.

"तोवर नवा दात येईल," खारू म्हणाली. "मग बाबांना फट कशी दिसणार?"

आईने कॅमेऱ्याची भाषा येणाऱ्या नव्या कर्नलचा मजकूर इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि मामाला फोन लावला.

"लांबलचक यादी येईल," मामाने बजावलं. "हे यंत्र हवं का, ते हवं का. नीट वाचून उत्तर दे. लग्नाआधी स्थळांना म्हणायचीस तसं सरसकट नाही म्हणत सुटू नकोस."

"एकाला हो म्हटलं, तो समुद्रात जाऊन बसलाय," आई म्हणाली.

आईने कॅमेऱ्याला हो म्हटलं. घरात नाही त्या प्रत्येक यंत्राला नाही म्हटलं. कॉम्प्युटर तीन तास घोटत होता, पंखा घरघरत होता. आणि ते सगळं काम, मित्रांनो, माझ्या अंगावर चाललं होतं. जो माझी जागा घेणार, त्याला मीच घडवत होतो. मनातून हललो होतो. पण एक ओळ चुकू दिली नाही.

रविवारी दुपारी आईने नव्याला उठवलं. तो उठला, चार ओळी बोलला आणि थिजला. त्याला डिस्कच सापडेना. घरात नाही म्हणून आईने जे एक नाव खोडलं, ते आमच्याच डिस्कला जोडणाऱ्या चिपचं होतं. यादीत तिथे 'डिस्क' असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"मोडलं?" खारूने विचारलं.

"नाही गं. जुना आहे ना आपला."

कॉम्प्युटर चालू होताना कुणाला उठवायचं, याची एक छोटी यादी पडद्यावर येते; तिच्यात पहिल्या ओळीवर नवा होता, दुसरीवर मी. आईने खाली जाणारा बाण दाबला, आणि मी जागा झालो. तिने माझ्याकडून त्या चिपचं नाव काढून घेतलं आणि त्या एका नकाराचा होकार केला. बदललेलं तेवढंच पुन्हा घडायचं होतं. वीस मिनिटांत उरकलं. मला बंद करण्याआधी आई हळूच म्हणाली, "थकला असशील. पड आता."

मी शेवटचं ऐकलं ते खारूचं वाक्य. "आई, चार वाजायला किती?"

त्यानंतर मला कुणी उठवलं नाही. उठवायची वेळच आली नाही, म्हणजे नवा नीट चालला. एका संध्याकाळी डिस्कवर कॅमेऱ्याने टिपलेलं एक चित्र येऊन विसावलं. झोपेत मला चित्र दिसत नाही, फार तर नाव कळतं. आईने नाव दिलं होतं, 'बाबांना फट दिसली'.

आता आणखी एक नवा यायचाय, आणि यादीत दोघांचीच जागा. मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त ते आपल्या पायावर उभं राहीपर्यंत जुन्याला पुसू नका. पडलं तर हात द्यायला घरात कुणीतरी हवं. ते उभं राहिलं की मग खुशाल पुसा, माझा राग नाही. पण खारूच्या आईला कुणी भेटलंच तर एवढं सांगा, पुसण्याआधी एकदा मला उठव आणि ते चित्र उघड. खारूला मी अजून पाहिलेलं नाही.